नोंद ५ : क्योलूरच्या खडीवर ३० किमी

या वेळी घड्याळातला पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) लपवून ठेवला आणि फक्त हार्ट रेट समोर ठेवला. पुण्यात असताना सिंहगडाच्या चढावर पेस बघायचा नसतो एवढं कळत होतं. आइसलँडच्या सपाट रस्त्यावरही तेच करायचं, हे उमगायला चार लाँग रन खर्ची पडले.

जागा क्वेरावेट्लिर. देशाच्या मधोमध, सहाशे मीटरहून उंचावर, गरम पाण्याचे झरे. ३५ नंबरचा क्योलूर रस्ता इथून जवळूनच जातो. दोन हिमनद्यांच्या मधला हा पट्टा: दक्षिणेला तोंड केलं की उजवीकडे लाँगयोकुट्ल, डावीकडे होफ्सयोकुट्ल. झाड औषधालाही नाही, त्यामुळे वारा अडवायला कुणीच नाही. जुलै महिना असून तापमान ७ अंश. इथे वारा सेकंदाला किती मीटर असा सांगतात; त्या दिवशी १४ होता, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. दक्षिणेचा. म्हणून आधी दक्षिणेलाच निघालो. ताजे पाय असताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, घामेजल्या अंगाने नाही.

जाताना १५ किमीला १ तास ५८ मिनिटं, परतताना १ तास ३४. हार्ट रेट दोन्हीकडे १४८च्या आसपास. पेस धरून पळालो असतो तर दहाव्या किलोमीटरलाच बसलो असतो.

एक मात्र चुकलं. येताना वारा पाठीशी आहे म्हणून खूश होतो. पण तो ढकलतो तेव्हा पाऊल नकळत लांब पडतं आणि मांड्या सतत ब्रेक लावत राहतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनीच हाय खाल्ली. पुढच्या वेळी परतताना पावलं मुद्दाम आखूड.

रस्त्याचं म्हणाल तर, गाड्यांमुळे त्यावर आडव्या लाटा उमटल्यात, पत्र्याच्या छपरासारख्या. पाऊल कधी लाटेच्या माथ्यावर, कधी उतारावर पडतं आणि घोटा दर वेळी वेगळ्या कोनात वळतो. चाकांच्या दोन पट्ट्यांमधली जागा त्यातल्या त्यात बरी; तिथे खडी सैल आहे, पण लाटा कमी. कडेच्या शेवाळावर उतरायचं नाही. तुडवलेलं शेवाळ भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आईने पाठवलेली लोणावळ्याची चिक्की सोबत होती. हातमोजे घालून वेष्टन सुटेना, म्हणून दातांनी फाडलं, तर अर्धा चुरा वाऱ्याने नेला. आता घरूनच तुकडे करून झिपच्या पिशवीत.

बुटांवर गेटर (वाळू-खडी आत जाऊ नये म्हणून घालायचं आवरण) होते, तरी डाव्या बुटातून मूठभर काळी वाळू निघाली. क्वेरावेट्लिरच्या गरम कुंडात उतरलो, आणि जांघेत कुठे कुठे सोललंय ते तेव्हा कळलं. पुढचा रन ३६. व्हॅसलीन दुप्पट.