शिंगं नसलेली शिकार

गावाचं नाव कागदावर ‘किंग्युसी’ दिसतं, पण म्हणायचं ‘किन्यूसी’. मधला ग गिळायचा. हे मला रात्रीच्या गाडीतल्या अटेंडंटनं सांगितलं. म्हणजे गेले दोन महिने मी सगळ्यांना चुकीच्या गावी जातोय असं सांगत होतो. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून रात्री निघालेली ही स्लीपर सकाळी हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शिरते, पण जानेवारीत त्या ‘सकाळी’ला काही अर्थ नसतो. सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास आटोपतं घेतो. फलाटावर उतरलो तेव्हा मिट्ट काळोख, पायाखाली कडक झालेला बर्फ, आणि लांब टेकाडावर दिव्यांच्या उजेडात रुथव्हेन बॅरक्सचे पडके दगडी सांगाडे. १७१५ च्या बंडानंतर डोंगरी लोकांना धाकात ठेवायला ब्रिटिश सरकारनं बांधलेली ही छावणी. आता ती कावळ्यांना धाकात ठेवत असेल तर तेवढंच.

माझं वय अठ्ठावन्न. उजवा गुडघा त्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असावा. आणि मी हरणाच्या शिकारीला आलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा.

हे वाक्य मराठीत लिहितानाच अवघडायला होतं. हरणामागे गेलेल्याचं पुढे काय झालं, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. शिवाय आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. तिथे चितळ मारायचा विचारही मी केला नसता. मग इथे का?

कारण झाडं. तीन वर्षांपूर्वी याच भागात एका संस्थेबरोबर आठवडाभर रोपं लावायला आलो होतो. बर्च, रोवन, स्कॉट्स पाइन. पावसात गुडघ्यावर बसून शेकड्यानं खड्डे घेतले. पुढच्या वर्षी मुद्दाम बघायला गेलो, तर कुंपणाच्या आतली रोपं छान तरारलेली आणि बाहेरच्यांचे शेंडे असे गेलेले की जणू कुणी मेथी खुडून नेली. सोबतच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘हरणं.’ लांडगा इथून साधारण तीनशे वर्षांपूर्वी संपला, लिंक्स नावाचं मोठं रानमांजर त्याच्याही आधी. हरणांना खाणारं कुणी उरलं नाही. साऱ्या स्कॉटलंडात सगळ्या जातींची मिळून दहा लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज सांगितला जातो. त्यांच्या तोंडून वाचेल तेवढंच रान वाढतं. स्पे नदीच्या पलीकडच्या ग्लेनफेशीत वीसेक वर्षं नेटानं हरणं कमी केली, तर तिथे कुंपणाशिवाय पाइनची पोरं उगवून आली. मी ती पाहिली आहेत. झाड लावण्याचं पुण्य पदरात घ्यायचं आणि रायफलीचं काम दुसऱ्यानं करायचं, हे मला खुपायला लागलं.

मग परीक्षा. एकट्यानं जायचं नसेल तर ती सक्तीची नाही, पण मला माझ्याच हातांची भीती होती, म्हणून ‘डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट, लेव्हल १’ केलं. कायदा, सुरक्षितता, मांसाची स्वच्छता, ब्रिटनमधल्या सहा जातींची ओळख. या सहांत मुंटजॅक निघालं तेव्हा मला हसू आलं. हे चीनमधून आणून सोडलेलं, पण आपल्या भेकराचं सख्खं चुलत भावंड. आणि मी ज्याच्या मागे जाणार होतो ते रेड डिअर म्हणजे काश्मीरच्या हंगुलच्या भावकीतलं. नेमबाजीत १०० मीटरवर १० सेंटिमीटरच्या वर्तुळात तीन गोळ्या बसवायच्या. वर्गात माझ्याखालोखाल वयस्कर माणूस एकोणचाळीसचा होता. चहाच्या सुट्टीत तो मला ‘सर’ म्हणाला, आणि त्यानंतर दिवसभर माझा नेम बिघडला.

मला न्यायला आलेला स्टॉकर तिशीतला, लालसर दाढीचा, कमी बोलणारा. इथे स्टॉकर म्हणजे इस्टेटीचा, मोठ्या खासगी जमीनदारीचा, नोकर. हरणांची मोजणी, माग, शिकार, हिशेब सगळं त्याच्याकडे. तुमच्याकडे स्वतःचा परवाना नसला तरी इस्टेटीची रायफल त्याच्या हजेरीत वापरता येते. पण त्याआधी त्यानं मला एका खाणीपाशी नेलं, कागदाचं लक्ष्य लावलं आणि म्हणाला, ‘रायफल सरळ मारते का बघू.’ रायफल सरळ मारते हे त्याला चांगलंच माहीत होतं. तीन गोळ्या झाल्यावर त्यानं दुर्बिणीतून पाहिलं आणि ‘चालेल’ म्हणाला. दोन दिवसांत त्यानं केलेलं माझं हे एकमेव कौतुक.

वाटेत मी विचारलं, ‘नर मिळेल का?’ खरं तर मला माहीत होतं, पण शिंगांचा मोह मेला नव्हता. तो म्हणाला, ‘नरांनी काय होतंय? कळप माद्यांनी वाढतो.’ माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. म्हणजे जेव्हा दिवस सर्वांत आखूड आणि हवा सर्वांत वाईट. पैसेवाले पाहुणे शिंगांसाठी शरदात येतात आणि फोटो काढून जातात. हिवाळ्यातलं हे काम इस्टेटीचे लोक मान खाली घालून उरकतात, त्यात माझ्यासारखा एखादा सोबत. शिकार, मृगया, पारध यांतला कुठलाच शब्द त्याला बसत नव्हता. मी मनात ‘छाटणी’ म्हणत राहिलो, पण द्राक्षवेलीला डोळे नसतात.

पहिला दिवस मोनालियाच्या डोंगरात. नावाचा अर्थच ‘करडे डोंगर’, आणि ते अगदी तसेच आहेत. गोलसर, उघडे, कंटाळवाणे. पलीकडचे केर्नगॉर्म्स बर्फानं झगमगत असतात, हे मात्र मुकाट. नकाशावर या भागाला ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात आणि आत औषधालाही झाड नाही. इथे फॉरेस्ट म्हणजे शिकारीसाठी राखलेली जमीन. ओढ्याकाठी काही घरांची जोती दिसली. एकेकाळी इथे वस्ती होती. मेंढ्यांसाठी माणसं हटवली, पुढे मेंढ्या परवडेनाशा झाल्यावर हरणं राखली. १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यानं बाल्मोरल विकत घेतल्यावर तर या छंदाला राजमान्यताच मिळाली. जोत्यावर बसून आम्ही सँडविच खाल्लं. स्टॉकर म्हणाला, ‘माझ्या आजीचे लोक अशाच एका ठिकाणचे.’ पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

हरणं अकरा वाजता दिसली. म्हणजे त्याला दिसली. मला वीस मिनिटं दुर्बीण लावूनही तपकिरी उतारावर तपकिरी उतारच दिसत होता. मग एक दगड कान हलवू लागला. नऊ माद्या, तीन पाडसं. तिथून पुढे सगळा वाऱ्याचा खेळ. स्टॉकर दर थोड्या वेळानं गवत चुरून सोडायचा. डोंगरातला वारा सरळ नसतो, घळीत शिरला की वळून मागे येतो. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीच्या, काळ्या, ओल्या घळींतून आम्ही पोटावर सरपटत निघालो. आधी कोपर, मग मांडी, मग पुन्हा कोपर. पहिल्या दहा मिनिटांत पाणी विजारीत शिरलं, त्यानंतर चिंता उरली नाही. उतारवयाचा एक फायदा इथे कळला. मला घाई नव्हती. तिशीत असतो तर मान वर काढून बघितलंच असतं.

तरी फसलो. पन्नास मीटर राहिले असताना नाकासमोरून एक लाल ग्राऊझ पक्षी फडफडत उठला. याच्या ओरडण्याला इथले लोक ‘गो बॅक, गो बॅक’ म्हणतात. मला आपली टिटवी आठवली. तीच वेळ, तोच आगाऊपणा. सगळ्या माना वर झाल्या, म्हाताऱ्या मादीनं कुत्र्यासारखं एकदा भुंकून दाखवलं, आणि अर्ध्या मिनिटात उतार रिकामा. स्टॉकर पाठीवर वळून आभाळाकडे बघत पडून राहिला. मग म्हणाला, ‘चहा आहे का तुमच्याकडे?’

दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरलेले, वारा वायव्येचा आणि स्थिर. एका वाकणाआड चार माद्या. दीडशे मीटर. त्यानं रायफल पिशवीवर टेकवून दिली आणि कानाशी कुजबुजला, ‘डावीकडून दुसरी. येल्ड आहे.’ येल्ड म्हणजे यंदा पायाशी पाडस नसलेली. पाडस असलेली मादी मारली तर पाडसही मारावं लागतं, कारण आईविना ते हिवाळ्यात निभत नाही. तिला पाडस नाही याची खात्री करण्यात त्यानं पुरती वीस मिनिटं घालवली, आणि त्या वीस मिनिटांत मी तिला जरा जास्तच बघितलं. ती अंग खाजवत होती. एकदा तिनं खाली बसायचा बेत केला आणि बदलला.

ती आडवी उभी राहिली. पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर, छातीच्या एक तृतीयांश उंचीवर दुर्बिणीतला नेमाचा काटा. छाती जमिनीवर धडधडत होती आणि काटा तिच्याबरोबर उडत होता. थांबलो. श्वास सोडला. चाप कधी ओढला हे आठवत नाही, पण ओल्या गादीवर काठी बसावी तसा आवाज आठवतो. ती वीसेक पावलं पळाली आणि हेदरच्या झुडपांत पडली. ‘पुन्हा भरा,’ तो म्हणाला. ‘नजर हलवू नका.’ आम्ही पाच मिनिटं तसेच पडून राहिलो. मग त्यानं जाऊन काठीच्या टोकानं डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही.

पहिल्या शिकारीचं रक्त गालाला लावायची इथली जुनी रीत आहे. त्यानं विचारलं, मी नको म्हटलं, त्यानं खांदे उडवले.

आतडी तिथेच काढायची असतात, त्या कामाला ग्रॅलक म्हणतात. सुरी मी धरली, हात त्यानं दाखवला. थंडीत पोटातून वाफेचा लोट आला, आणि वास रक्ताचा नाही, मुरलेल्या चाऱ्याचा. गोठ्यातला वास. यकृत, लसग्रंथी तपासल्या, सगळं निरोगी. कास दाबून पाहिली, कोरडी. मग त्यानं गर्भाशय बाजूला काढून उघडलं. आत पाडस होतं. वीतभरही नसेल. खूर मात्र स्पष्ट. माजाचा हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो, त्यामुळे जानेवारीत बहुतेक धडधाकट माद्या गाभण असतातच. हे मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं.

दोरीनं ओढत तिला खाली आठ चाकांच्या गाडीपर्यंत आणायला तास लागला. माझ्या गुडघ्यानं त्या तासाचा हिशेब पुढे आठवडाभर मागितला. इस्टेटीच्या थंड खोलीत तिला टांगल्यावर स्टॉकरनं खालचा जबडा पाहिला, ‘आठ-नऊ वर्षांची’ म्हणाला आणि भिंतीवरच्या तक्त्यात एक ओळ भरली. वजन. वय. दूध: नाही. गाभण: हो. वर तशाच ओळी होत्या, पानभर. माझी ओळ भरायला त्याला त्याहून जास्त वेळ लागला नाही.

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर होतो तेव्हा घरी फोन केला. बायकोला ही सगळी भानगड पहिल्यापासून पसंत नव्हती, पण तिनं कधी अडवलं नाही.

‘जमलं का?’

‘हो.’

‘पिल्लू होतं का तिच्याबरोबर?’

‘बरोबर नव्हतं,’ मी म्हटलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘कळलं. पाय शेकून घे झोपायच्या आधी.’

लांब, दक्षिणेकडच्या डॅल्व्हिनी स्टेशनच्या उलट दिशेला, गाडीचा दिवा दिसायला लागला होता.