सतरा वर्षं 'सदर' लिहिल्यावर

अमळनेरच्या एका पतसंस्थेत मी १७ वर्षं कर्ज विभागात होते. थकबाकीदार समोर बसून आपलं म्हणणं सांगायचे आणि ते मी अर्जात उतरवायचे. एकदा एक आजोबा म्हणाले, "पानी पडनंच नही बेटा, हप्ता कथाईन भरू?" मी लिहिलं : 'यंदा पर्जन्यमान अपुरे झाल्याने सदर हप्ता विहित मुदतीत भरणे शक्य झाले नाही.' मुदतवाढ मिळाली. पण घरी येताना आजोबांचं वाक्य डोक्यातून जाईना. रात्री मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. माझं लिखाण तिथून सुरू झालं.

पहाटे पाच ते साडेसहा, नळाला पाणी यायच्या आत, मी कथा लिहायचे आणि दिवाळी अंकांना पाठवायचे. दोन वर्षं एकही छापून आली नाही. मग एका संपादकांचा फोन आला. म्हणाले, "कथा चांगली आहे, पण तुमची माणसं अर्ज लिहिल्यासारखी बोलतात."

त्या रात्री लाल पेन घेऊन बसले. बारा पानांत 'सदर' नऊ वेळा. 'त्याअनुषंगाने' चार वेळा. नवऱ्याशी भांडणारी बाईसुद्धा 'निदर्शनास आणून' देत होती. फार वाईट वाटलं, कारण ही बाई मी माझ्या शेजारणीवरून लिहिली होती आणि तिचं तोंड मी बंद करून टाकलं होतं.

मग सासूबाईंना वाचून दाखवायला लागले. त्या धरणगावकडच्या, शाळा दुसरीपर्यंत. भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि मध्येच हात थांबवून म्हणायच्या, "आसं कोन बोलस वं?" आपण कसं बोललो असतो, ते लगेच बोलून दाखवायच्या. पीठ भरल्या हातांनी त्यांनी सांगितलेलं मी तिथंच टिपून घ्यायचे. एकेका संवादाला आठवडा जायचा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावरही ती आपल्यापर्यंत पोचली. हे मी शाळेपासून ऐकत आले होते, पण टिपणाऱ्याचं काम किती जोखमीचं असतं ते तेव्हा कळलं.

तिसऱ्या वर्षी ती कथा छापून आली. मानधन ८०० रुपये.

नोकरी सोडायचं ठरलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. ९७वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, १९५२ नंतर पहिल्यांदाच. मी तीन दिवस रजा काढली होती. चौथ्या दिवशी काउंटरवर बसवेना. मिस्टरांनी एकच विचारलं, "घर कसं चालंल?" प्रश्न रास्त होता. मी हिशेब मांडला : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये. ग्रॅच्युइटीला महिना २६ दिवसांचा धरतात आणि वर्षामागे १५ दिवसांचा पगार देतात. १७ वर्षांचे झाले १,७८,५०० रुपये. त्यात घरातला माझा वाटा साधारण वर्षभर निघत होता. आधी मिक्सर-फ्रिजचे हप्ते संपवले, मग महिन्याची नोटीस दिली. जिला हे करायचंय तिने हा कागद आधी करावा, कथा नंतर.

आता निम्मी कमाई आकाशवाणीसाठी आणि ऑडिओ कथांसाठी संवाद लिहून होते. एका कंपनीच्या करारात हक्क किती वर्षांसाठी देतेय तेच लिहिलेलं नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. तरी मी मुदत लिहूनच घेतली. कर्जरोख्यातली रिकामी जागा पुढे काय करते ते मी १७ वर्षं पाहिलंय.

या दिवाळीसाठीची कथा कापूस वेचणाऱ्या दोन बहिणींची आहे. शेवटच्या वेचणीला राहिलेल्या किडक्या बोंडांना माहेरी एक शब्द होता, असं सासूबाई म्हणतात. त्यांना तो आठवेना. रविवारी पारोळ्याच्या मावशींना फोन करणार आहेत. ते पान तोवर तसंच ठेवलंय.