बर्नली, लँकशायर : 1911 च्या खानेसुमारीतली चार मुलं

माझ्या सासूबाई लँकशायरच्या. त्यांची आजी बर्नलीत कापडगिरणीत मागावर होती आणि तिला पाच मुलं झाली, एवढंच घरात ठाऊक होतं. मग 1911 च्या खानेसुमारीचा फॉर्म हाती आला. त्यावर आजोबांच्या हातचं लिहिलं होतं : जिवंत जन्मलेली मुलं नऊ, हयात पाच, वारलेली चार. त्या चौघांची नावं सासूबाईंनी कधी ऐकलीच नव्हती. ती शोधायला आम्ही दोघी उन्हाळ्यात बर्नलीला आणि प्रेस्टनला जाऊन आलो. इंग्लंडमधल्या घराण्याची माहिती काढू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या फॉर्मबद्दल. 1901 पर्यंत घरोघरचे फॉर्म गोळा करून गणक ते आपल्या वहीत उतरवत आणि मूळ कागद पुढे नष्ट होत. 1911 चे मूळ फॉर्मच जपले गेले, म्हणून कुटुंबप्रमुखाचं अक्षर आपल्याला बघायला मिळतं. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती गेली, हा प्रश्नही त्याच वर्षी पहिल्यांदा विचारला गेला. तुमच्या शोधातलं कुटुंब 1911 मध्ये इंग्लंडात असेल, तर सुरुवात या कागदापासूनच करा.

खानेसुमारी म्हणजे दहा वर्षांतली एकच रात्र. 1901 मध्ये ती 31 मार्चला झाली, 1911 मध्ये 2 एप्रिलला. मधल्या काळात जन्मून गेलेलं मूल दोन्हीकडे दिसत नाही. ते सापडतं फक्त जन्म-मृत्यूच्या नोंदणीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे आणि तिची सूची जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट पाहता येते. खरं सोनं आहे ते तिथल्या एका रकान्यात : आईचं माहेरचं आडनाव. जुन्या छापील सूचीत ते 1911 च्या मध्यापासून पुढेच मिळतं, या सूचीत मात्र 1837 पासून दिलं आहे. बापाचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि बर्नली जिल्हा असं धरून लग्नापासून 1911 पर्यंतचे सगळे जन्म काढले. खानेसुमारीत दिसणारी पाच नावं वजा केली. उरली बरोबर चार.

मग तीच नावं मृत्यूंच्या सूचीत बघायची. तिथे आईचं आडनाव नसतं, पण वय असतं, त्यावरून जुळवता येतं. सूची तिमाहीप्रमाणे असते आणि तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबरातलं बाळ पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत निघू शकतं. मृत जन्मलेली मुलं 1927 च्या आधी नोंदवलीच जात नव्हती, त्यामुळे ती इथे मिळणार नाहीत.

चौघांतल्या थोरल्या मुलीचा मृत्यूचा दाखला मागवला. ऑगस्ट महिना, वय सात महिने, कारण अतिसार. उन्हाळ्यातल्या या जुलाबांनी गिरणीगावांत तान्ही मुलं फार जात. खबर देणारी व्यक्ती : आई, मृत्यूसमयी हजर. दुसऱ्याच दिवशी ती स्वतः कचेरीत जाऊन नोंद करून आली होती. त्या मुलीचं नाव वाचून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी झालेल्या मुलीला तेच नाव ठेवलं होतं, आणि ती दुसरी मुलगी म्हणजे सासूबाईंची आई. वारलेल्या बाळाचं नाव पुढच्याला देण्याची रीत तेव्हा सर्रास होती. म्हणून एकाच घरात तेच नाव दोनदा दिसलं तर नक्कल समजून सोडून देऊ नका.

हे सगळं घरबसल्या झालं. मग बर्नलीला कशाला जायचं? दफनाच्या नोंदींसाठी आणि ते गाव पाहण्यासाठी. मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बर्नली मँचेस्टर रोडला थेट गाडी आहे. गावची दफनभूमी 1856 ची. गरिबांची मुलं बहुधा सामाईक थडग्यात पुरली जात, त्यावर दगड नसायचा. म्हणून नुसतं फिरून काही हाती लागत नाही, आधी दफनाच्या नोंदीतून थडग्याचा क्रमांक काढावा लागतो.

गावाबाहेर हार्ल साइकला क्वीन स्ट्रीट मिल आहे, आता संग्रहालय. इथे वाफेच्या इंजिनावर माग अजून चालवून दाखवतात. वर्षभर उघडी नसते, चौकशी करूनच निघा. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्यामुळे माग सुरू झाल्यावर त्या आवाजात मला उभं राहवेना. मुंबईत एकेक कामगार बहुतेक दोन साचे सांभाळायचा, इथल्या बाया चार. आवाजामुळे त्या ओठांच्या हालचालीवरून एकमेकींचं बोलणं ओळखत. सासूबाईंच्या आजीलाही ते येत असणार.

प्रेस्टनला बो लेनवर लँकशायर आर्काइव्हज आहे, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. तिथे बाप्तिस्म्यांची नोंद शोधायची होती. बर्नलीत मेथडिस्ट (इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळा झालेला ख्रिस्ती पंथ, त्यांचं प्रार्थनास्थळ म्हणजे चॅपल) पुष्कळ, तेव्हा आजी-आजोबांचं लग्न चर्चमध्ये झालं की चॅपलमध्ये, हे लग्नाच्या दाखल्यावरून आधी बघून घेतलं. नाहीतर भलत्याच वह्या चाळण्यात दिवस जातो. त्या दाखल्यावर नवरा-नवरीच्या फक्त वडिलांची नावं असतात. आयांची नावं इंग्लंडात 2021 पासून आली. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. लिहायला पेन्सिल न्या, पेन चालत नाही. वाचनकक्ष कोणत्या वारी उघडा आहे ते निघण्याआधी बघा. खानेसुमारीच्या सशुल्क संकेतस्थळांसाठी घाईने वर्गणी भरू नका, बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत ती फुकट वापरता येतात.

1911 नंतरचं शोधायचं असेल तर 1921 ची खानेसुमारी 2022 मध्ये खुली झाली आहे. 1931 ची 1942 मध्ये आगीत जळाली आणि 1941 ला युद्धामुळे ती झालीच नाही. त्या पोकळीत 29 सप्टेंबर 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच सरकारने घेतलेली घरोघरची नोंद, कामी येतं.

आजोबांचा एक भाऊ ग्लासगोला गेला होता, आता त्याच्या मागे आहोत. स्कॉटलंडची नोंदणी 1855 ची, म्हणजे उशिराची, पण तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर आई आणि वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा.