एका सर्व्हरवरून तीन सर्व्हरवर: लोड बॅलन्सर बसवतानाचा माझा अनुभव

आमचं अ‍ॅप्लिकेशन एकाच सर्व्हरवर चालायचं. गर्दीच्या वेळी प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकायचा आणि पानं उघडेनाशी व्हायची. मशीन मोठं करून झालं होतं. मग तीन वेब सर्व्हर आणि त्यांच्यापुढे, येणाऱ्या रिक्वेस्ट त्यांच्यात वाटून देणारा लोड बॅलन्सर म्हणून एचएप्रॉक्सी असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. एचएप्रॉक्सी 2001 पासून वापरात असलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे अडलं तर माहिती मिळते, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं होतं.

दोनावर भागेल, असं काहींचं म्हणणं होतं. मी हिशेब मांडला. दोन सर्व्हर प्रत्येकी 60 टक्के भरलेले असतील आणि एक पडला, तर दुसऱ्यावर 120 टक्के भार येतो, म्हणजे तोही पडतो. तीन असतील तर उरलेले दोघे प्रत्येकी 90 वर जातात. ओढाताण होते, पण निभतं.

डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, एका नावाला तीन पत्ते देणं हा फुकटातला मार्ग होता. तो मी घेतला नाही. सर्व्हर पडलाय हे डीएनएसला आपणहून कळत नाही, आणि पत्ता बदलला तरी लोकांकडे जुनं उत्तर साठवलेलं असतं.

बॅलन्सरची फाइल लिहिण्याआधीच बरंच काम निघालं. आमचं अ‍ॅप पीएचपीत आहे आणि पीएचपी सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे वगैरेची नोंद, मुळात डिस्कवरच्या फाइलींत ठेवते. एका सर्व्हरवर लॉगिन केलेल्या माणसाची पुढची रिक्वेस्ट दुसऱ्यावर गेली की त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जाणार. कुकी लावून प्रत्येकाला एकाच सर्व्हरशी बांधता येतं, पण तो सर्व्हर गेला की ती सगळी माणसं बाहेर पडतात. म्हणून सेशन रेडिसमध्ये, म्हणजे तिघांना सामायिक अशा मेमरीतल्या डेटासाठ्यात, हलवले आणि अपलोड झालेल्या फाइली सामायिक स्टोरेजवर. लॉगमध्ये प्रत्येक भेट बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेली दिसायला लागते, त्यासाठी भेट देणाऱ्याचा मूळ पत्ता पुढे कळवणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर चालू केला. तो कोणीही खोटा भरून पाठवू शकतो, त्यामुळे बॅलन्सरकडून आला असेल तरच खरा धरायचा.

खरा कस लागला तो हेल्थ चेकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का हे बॅलन्सरने तपासत राहण्यात. आमच्याकडे काही रिपोर्ट तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पाळीपाळीने वाटणारा राउंड रॉबिन सोडून मी लीस्टकॉन निवडला, म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी कनेक्शन चालू, त्याला पुढची रिक्वेस्ट. मग चाचणीच्या यंत्रणेत एका सर्व्हरवरचा डेटाबेसचा पासवर्ड मुद्दाम बिघडवला आणि एचएप्रॉक्सीचं आकडेवारीचं पान उघडून बसलो. तो सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला क्षणात 500, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये बिघाड’ हा कोड, देत होता. क्षणात काम उरकत असल्यामुळे त्याच्याकडे चालू कनेक्शन कायम सर्वांत कमी. मग बॅलन्सर बहुतेक ट्रॅफिक त्याच्याचकडे पाठवायला लागला! नीट चालणारे दोन सर्व्हर जवळजवळ रिकामे, आणि बिघडलेल्यावर झुंबड. फक्त पोर्टशी जोडणी होते का एवढंच पाहणारा साधा टीसीपी चेक मात्र हिरवाच, कारण पोर्ट उघडं होतं.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी चेक बदलला. आता प्रत्येक सर्व्हरवर एक छोटं पान आहे. ते डेटाबेसकडून एक साधी क्वेरी चालवून घेतं आणि जमलं तरच 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, देतं. दर 2 सेकंदांनी तपासणी, लागोपाठ 3 वेळा नापास झाला तर सर्व्हर बाहेर, 2 वेळा पास झाला की परत आत. हे एचएप्रॉक्सीचेच मूळ आकडे आहेत आणि मला ते बदलावेसे वाटले नाहीत. मेल आणि सर्च मात्र या पानात घेतले नाहीत. ते तिघांचे सामायिक आहेत. सर्च अडकला म्हणून तिन्ही सर्व्हर एकदम नापास झाले, तर लोकांना 503, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’, याशिवाय काहीच दिसणार नाही, आणि सर्चविना बाकीची साइट तर चालू शकते. या पानात काय घ्यायचं आणि काय नाही, यावर आमच्यात जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावरच झाली नाही, आणि ती व्हायलाच हवी होती असं मला ठामपणे वाटतं.

मग बॅलन्सरच पडला तर? दोन बॅलन्सर, आणि कीपअलाइव्हडी या प्रोग्रॅममार्फत दोघांत मिळून एक आभासी आयपी. मुख्य बॅलन्सर व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने दर सेकंदाला ‘मी आहे’ असं कळवतो. तीनएक सेकंद काही आलं नाही की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. मुख्य मशीनची नेटवर्क केबल काढून पाहिली. काही रिक्वेस्ट अडखळल्या, साइट चालू राहिली.

आता नवी आवृत्ती भरदिवसा चढवतो. एक सर्व्हर ड्रेनवर टाकायचा, म्हणजे त्याला नवं काम द्यायचं नाही, चालू कनेक्शन शून्यावर येऊ द्यायचे, आवृत्ती बदलायची आणि परत घ्यायचा. परत घेताना स्लोस्टार्ट, म्हणजे भार हळूहळू वाढवणं, लावलेला असतो, नाहीतर लीस्टकॉनमुळे रिकाम्या सर्व्हरवर एकदम लोंढा येतो. वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन, वापरत असाल तर ड्रेनला वेळेची मर्यादा ठेवा, ती कनेक्शन आपणहून सहसा संपत नाहीत.