फुप्फुसाचा ताजा तुकडा मिळवताना

पीएचडीला पेशींचं म्हातारपण हा विषय घेतला तेव्हा कॅन्सर माझ्या डोक्यातही नव्हता. गर्भाच्या फुप्फुसातून आलेल्या पेशी वाढवायच्या, फ्लास्क भरला की नव्या फ्लास्कमध्ये टाकायच्या आणि त्या थकेपर्यंत वाट बघायची. माणसाच्या साध्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. थांबतात, पण मरत नाहीत. पसरट, अवाढव्य होऊन तशाच चिकटून राहतात आणि आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात.

पुढे मॅन्युएल सेरानो यांचं १९९७ चं काम वाचलं. रास हे कॅन्सर घडवणारं जनुक निरोगी पेशीत घातलं, तर ती बेफाम वाढायच्या ऐवजी अकाली म्हातारी होते. २००५ मध्ये उंदरांच्या फुप्फुसातही तेच दिसलं: सुरुवातीच्या गाठींत म्हाताऱ्या पेशी भरपूर, पुरत्या कॅन्सर झालेल्या गाठींत जवळपास नाहीत. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीची खूण हाती लागू शकते! पोस्टडॉकला मी तेच धरलं.

खरी परीक्षा माणसाचा नमुना मिळवण्यात होती. पॅथॉलॉजीत तुकडे जपून ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉक्सनी कपाटं भरलेली असतात, पण ते आमच्या निळ्या स्टेनिंगच्या, म्हणजे म्हाताऱ्या पेशी निळ्या रंगवून ओळखायच्या, कामाचे नाहीत. ज्या एन्झाइममुळे रंग येतो, ते फॉर्मॅलिन आणि मेणात टिकत नाही. तुकडा ताजाच हवा, नाहीतर लगेच गोठवलेला. आणि ताजा तुकडा हवा म्हणजे एथिक्स कमिटी आली. त्यांचा आग्रह रास्त होता: आधी निदानाला लागेल तेवढा भाग पॅथॉलॉजीचा, उरला तर तुमचा. अर्ज बऱ्याचदा परत आला. तरी रुग्णांची संमती घेताना त्यांच्याजवळ बसायचे ते मला आवडायला लागलं. एक काका, आधी काही महिने टीबीची औषधं खाल्लेले, म्हणाले, "ताई, यातून माझं काही भलं होणार का?" नाही म्हटलं. "मग घ्या की. नाहीतरी फेकूनच देणार ना?"

ऑपरेशन संपलं की रेसिडेंटचा फोन. बर्फाचा डबा घेऊन पळायचं, सेक्शन कापायचे, ६ पीएचच्या द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे. इन्क्युबेटर कार्बन डायऑक्साइड नसलेला हवा, नाहीतर पीएच बिघडतो आणि सगळं मुसळ केरात. सकाळी निळे ठिपके दिसायचे, शेजारी विडीच्या धुराची काळी काजळी. पण निळ्यांत बरेच मॅक्रोफेज, म्हणजे फुप्फुसातले सफाई कामगार. त्यांच्यात हे एन्झाइम मुळातच जास्त, म्हणून सगळेच त्यांना मोजणीतून वगळायचे. २०२३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदरांत दाखवलं, की सुरुवातीच्या गाठीतले म्हातारे मॅक्रोफेज काढून टाकले की गाठी वाढायच्या कमी होतात. त्या आठवड्यात लॅबमध्ये जुने फोटो पुन्हा उघडले गेले, हे सांगायला नकोच.

हे सगळं कशाला? अमेरिकेतल्या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत, २०११ मध्ये, कमी किरणांच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले; पण स्कॅनमध्ये संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी सुमारे ९६ टक्के कॅन्सर नव्हतेच. आपल्याकडे त्यात जुन्या टीबीचे व्रण. गाठ दिसणं पुरेसं नाही, ती कुठल्या वाटेवर आहे ते कळायला हवं.

अडचण अशी, की वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या फुप्फुसात म्हाताऱ्या पेशी गाठीबाहेरही सापडतात. म्हणून आता मी एकाच ऑपरेशनमधले दोन तुकडे मागते, एक गाठीचा, एक तिच्यापासून लांबचा. दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. तो मंजूर झालाय.