वाल सरले, पुढल्या वर्षी ये

“भाजी दहा मिनिटांत दारात येते, मग रविवारची सकाळ पोरांना घेऊन त्या बागेतल्या शेतकऱ्यांच्या बाजारात कशाला घालवतेस?” शाळेच्या फाटकापाशी, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. ‘मुलं भाज्या खायला लागतात’ हे उत्तर विचारणाऱ्याला अपेक्षित असतं. माझी मुलगी पडवळ अजूनही खात नाही. मी दोघांना तिथं नेते, कारण तिथं त्यांना ‘नाही’ ऐकायला मिळतं.

मुंबईतल्या मुलाला भाजीच्या बाबतीत ‘नाही’ म्हणतं कोण? फोनवर मटार बारा महिने असतो. नाशिक, नारायणगाव, संगमनेरकडच्या गाड्या वाशीच्या मार्केटात रात्रीच्या येतात आणि सकाळपर्यंत माल शहरभर पसरतो. त्यात वाईट काही नाही, एवढं मोठं शहर त्यावरच जेवतं. पण मुलांपर्यंत भाजी पोहोचते तेव्हा तिला ना गाव उरतं, ना महिना.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्या मुलीला वालाच्या शेंगा हव्या होत्या. अलिबागकडून येणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांच्यापुढे ती जाऊन उभी राहिली. त्या म्हणाल्या, “सरले गो बाय आता. पुढल्या वर्षी ये.” वर्षभर थांबायचं हे मुलीला पटेना. “पण का?” मावशींनी गिऱ्हाईक बाजूला ठेवून तिला सांगितलं. पावसाळ्यात शेतात भात असतो. भात कापला की जमिनीत ओल उरलेली असते, त्या ओलीवर वाल पेरायचे. वेगळं पाणी द्यायचं नाही. ती ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर वेल वाढतो. ऊन तापलं, ओल आटली की वाल संपले. पुन्हा पाऊस, पुन्हा भात, मग वाल. माझ्या मुलीनं बोटांवर महिने मोजले आणि हो म्हणाली. तिला आईनं ‘नाही’ म्हटलं असतं तर तिनं पाय आपटले असते. इथं ‘नाही’ शेतानं म्हटलं होतं, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही हे तिला आपोआप कळलं.

त्याच मावशींकडे पांढऱ्या कांद्याची माळ होती. पातीची वेणी घातलेली ती माळ मुलानं गळ्यातच घातली. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोही भातानंतर त्याच खाचरांत लावतात, हे कळल्यावर मुलगी म्हणाली, “म्हणजे भात, वाल आणि कांदा एकाच घरात राहतात!” पाठ्यपुस्तकात खरीप आणि रब्बी यांचा तक्ता आहे. तो तिला पाठ होता. कळला त्या दिवशी.

खर्चाचंही विचारतात. सरसकट स्वस्त पडत नाही, हे मी स्पष्ट सांगते. वांद्र्याला कविता मुखी यांनी २०१० मध्ये सुरू केलेला बाजार सेंद्रिय मालाचा, त्याचे भाव तसेच. सरकारी पुढाकारानं भरणारे शेतकरी आठवडे बाजार वेगळे. २०१६ मध्ये राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकऱ्याला थेट विकणं सोपं झालं आणि त्याच वर्षी कृषी पणन मंडळानं संत सावता माळ्यांच्या नावानं हे बाजार सुरू केले. तिथं पालेभाजीची जुडी बऱ्याचदा परवडते. भावात घासाघीस मी मुलांसमोर करत नाही. रात्री दोनला गाडीत माल भरून आलेल्या माणसाकडून पाच रुपये सोडवून घेणं, हा शहाणपणा म्हणून त्यांनी शिकू नये असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र बघावं लागतं. प्रत्येक गाळ्यामागे शेतकरीच असतो असं नाही. सफरचंद, मटार, आंबा, ढोबळी मिरची सगळं एकाच टेबलावर दिसलं की समजावं, हा माल मार्केटातून उचललेला. तीन-चारच जिनसा, त्याही थोड्या मातीच्या, मुळ्याला पाला अख्खा, तिथं थांबावं. मुलांना मी एकच प्रश्न शिकवलाय: “काका, हे तुमच्या शेतातलं का?” ज्याच्या शेतातलं असतं तो बोलायला लागतो. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडच्या एका दादांनी माझ्या मुलाच्या तळहातावर भाताच्या लोंब्या ठेवून कोलम कसा ओळखायचा ते दाखवलं. त्याच्याशी इतकं मन लावून, मोठ्या माणसाशी बोलावं तसं, एरवी कोण बोलतं?

पहिल्यांदा नेणार असाल तर भोगीच्या आधीचा रविवार गाठा. पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, सगळं त्या एका आठवड्यात असतं आणि मुलांना यादी देऊन सोडता येतं. नऊच्या आत पोहोचा, अकराला चांगल्या जुड्या संपतात. सुटे पैसे मुलांच्याच हातात द्या, हिशेब त्यांनाच करू द्या. खाण्याचे गाळे मात्र शेवटी. आधी तिकडे वळलात तर भाजीपर्यंत पोहोचणारच नाही.

पावसाळ्यात बागेत चिखल होतो, आमचा बाजार बंद असतो. तेव्हा आम्ही दादर स्टेशनबाहेर जातो. पालघर, कर्जतकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, करटुली. शेवळं घेताना सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागून घ्या, त्यांच्या आंबटपणानं घशाची खाज टळते. साफ कशी करायची ते त्यांनाच विचारा, आणि विचारायला मुलांना पुढे करा. शेवळं फार दिवस टिकत नाहीत, जूनच्या सुरुवातीलाच जा.