विटेचा चुरा आणि आपलं सिमेंट

ठाण्यात आज सकाळी टेनिस कोर्टावर एकच विषय, स्पेनचा अल्कराझ! काल, ८ जून २०२५ ची फ्रेंच ओपन फायनल संपेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र झाली. ५ तास २९ मिनिटं. चौथ्या सेटमध्ये इटलीचा सिनर ५-३ पुढे, अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४०, म्हणजे आणखी एकच पॉइंट मिळाला की सिनर जिंकला. अल्कराझने असे तिन्ही मॅच पॉइंट वाचवले, आणि शेवटी पाचव्या सेटचा निर्णायक सुपर टायब्रेक १०-२ घेऊन फायनल जिंकली. सिनरचं वाईटच वाटलं.

पोरं आज तसंच घसरत चेंडू गाठायला बघत होती. अरे बाबांनो, तिथे पॅरिसच्या क्ले कोर्टावर वर एक-दोन मिलिमीटर विटेचा चुरा असतो, बूट सरकतो. आपल्या सिमेंटवर बूट जागच्या जागी अडकतो, अंग पुढे जातं आणि घोटा मुरगळतो. इथे शेवटची तीन-चार पावलं छोटी टाका, गुडघे वाकवून थांबा. घसरायचं ते पॅरिसला.